हॉस्पिटलात सेवेला यायचंय? कोकणातल्या नवीन मंडळींसाठी सगळं एका जागी

मुंबईची नोकरी संपवून गावचं घर उघडलेले काका, मुलं शिकायला बाहेर गेल्यावर दुपार मोकळी झालेल्या बायका आणि कॉलेजातली एनएसएसची पोरं, असे तीन प्रकारचे लोक आमच्याकडे येतात आणि तिघंही आल्या आल्या एकच विचारतात, की आम्ही नेमकं करायचं काय. आमचं स्वयंसेवकांचं मंडळ छोटं आहे, तालुक्याचं सरकारी हॉस्पिटल आहे, आणि दर वेळी तेच तेच तोंडी सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकते.

तर काम असं की पेशंट घरून निघाल्यापासून परत घरी पोचेपर्यंत जिथे जिथे त्याचं अडतं तिथे आपण उभं राहायचं. औषध देणं, जखम बघणं, "माझ्या मावशीला असंच झालेलं तेव्हा अमुक गोळी लागू पडली" हे सांगणं, यातलं काही म्हणजे काही करायचं नाही. ते करायला माणसं आहेत, शिकलेली आहेत. पण केसपेपरची खिडकी कुठली, सोनोग्राफी कधी असते, रिपोर्ट मिळेपर्यंत शेवटची गाडी सुटली तर रात्री जायचं कुठे, हे सांगायला कोणी नसतं आणि खरं सांगायचं तर माणसं आजारापेक्षा यानेच जास्त टेकीला येतात.

आणि हो, वाढदिवसाचं फळवाटप ही तुमची सेवेची कल्पना असेल तर ती गेटवरच ठेवून या. एका केळ्याला सहा हात लावून फोटो, पेशंट बिचारा सलाईन लावलेल्या हातानेच नमस्कार करतोय, आणि तो पेशंट डायबेटिसचा आहे का किडनीचा याचा कोणाला पत्ता नाही. यावर पुढे बोलतेच.

हे आलं कुठून

थोडा इतिहास, कारण नवीन लोकांना वाटतं की हे आम्हीच काढलं. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जायला लागल्या, त्या काळी घरंदाज बाईने परक्या माणसाचं दुखणं काढायचं म्हणजे लोकांनी किती नावं ठेवली असतील त्याचा विचार करा. तिकडे अमेरिकेत १९१८ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या लष्करी हॉस्पिटलात रेडक्रॉसच्या बायका करड्या रंगाचे कपडे घालून जखमी सैनिकांना पत्रं लिहून द्यायच्या, पुस्तकं वाचून दाखवायच्या, सैनिकच त्यांना ग्रे लेडीज म्हणायला लागले. १९४४ पासून न्यू जर्सीत शाळकरी मुली लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे एप्रन घालून वॉर्डात मदतीला यायला लागल्या त्या कॅंडी स्ट्रायपर. पुढे तिकडच्या गावोगावच्या हॉस्पिटलांना अशी स्वयंसेवक मंडळं जोडली गेली, ती हॉस्पिटलातच छोटं दुकान चालवतात, चहा विकतात आणि त्या पैशातून हॉस्पिटललाच यंत्रं घेऊन देतात. ही दुकानाची आयडिया मला फार आवडते, आपल्याकडे नियमात कशी बसवायची ते बघायला हवं.

आपल्या किनाऱ्यावर बघायचं तर वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल होतं, तिथले डॉक्टर गोहीन. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा अध्यक्ष आणि नंतर भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. वेंगुर्ल्याच्या कितीजणांना हे माहीत असेल देव जाणे. रत्नागिरीचं मनोरुग्णालय तर १८८६ पासून आहे. आणि सरकारी कागदावर लोकसहभाग म्हणाल तर त्याची सुरुवात इंदूरला, १९९४ मध्ये तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रोगी कल्याण समिती निघाली, मग २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ती देशभर गेली. आपल्याकडे तिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

आधी परवानगी, मग उत्साह

थेट वॉर्डात घुसू नका. आधी वैद्यकीय अधीक्षकांना भेटायचं, बरोबर साधा अर्ज, आधारची झेरॉक्स, दोन फोटो. अर्जात "समाजसेवा करू इच्छितो" एवढंच लिहिलं तर तो फाईलीत जातो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी लिहा, की मी अमुक वारी सकाळी नऊ ते बारा केसपेपरजवळ बसून लोकांना फॉर्म भरून देईन. नेमकं काम, नेमका वार. साहेबांनाही मग सही करायला बरं पडतं. समितीची मीटिंग असते तिथे विषय जाऊ द्या, तोंडी परवानगीवर राहू नका कारण साहेबांची बदली होते आणि नवीन साहेब विचारतात तुम्ही कोण.

दुसरं, कुठल्या हॉस्पिटलात जायचं तेही बघून घ्या. गावात उपकेंद्र, त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय ज्यात साधारण तीस खाटा, मग सावंतवाडी-कणकवलीसारखं उपजिल्हा रुग्णालय आणि वर ओरोसला किंवा रत्नागिरीला जिल्ह्याचं. सुरुवातीला ग्रामीण रुग्णालय बरं, सगळे एकमेकांना ओळखतात, चार दिवसात तुम्हालाही ओळखायला लागतात. आशाताई मात्र आपल्या मंडळाच्या माणूस नव्हेत, त्यांचं काम वेगळं आणि आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त, त्यांच्या वाटेत यायचं नाही.

ओळखपत्र गळ्यात पाहिजेच. मोबाईल सायलेंटवर आणि कॅमेरा बंद. नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या कमीत कमी, पायात पुढून बंद असलेली चप्पल किंवा बूट. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर आधी घ्या, तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग सहा महिन्यांनी. तुम्ही सुईला हात लावणार नाही हे मला ठाऊक आहे पण गादीच्या कडेला पडलेली सुई तुम्हाला विचारून टोचत नाही.

हात धुणं. साबणाने धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद, सॅनिटायझर असेल तर वीस ते तीस, बोटांच्या बेचक्यात आणि अंगठ्याला विसरायचं नाही. वॉर्डात शिरताना आणि निघताना दोन्ही वेळा. कचऱ्याच्या पिशव्या पिवळी, लाल, निळी आणि पांढरा डबा असतो, २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने भरलेला कापूस पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, काच निळ्यात, सुया-ब्लेड पांढऱ्या डब्यात. तुम्हाला यातलं काही उचलायचं नाहीये, फक्त नातेवाईक जेवणाचा कागद नि केळ्याची सालं पिवळ्या पिशवीत टाकतात ते थांबवायचं.

कोण कोण आहे ते शिका

पहिले काही दिवस नुसतं बघा. वॉर्डाची खरी मालक इन्चार्ज सिस्टर. डॉक्टर राऊंड घेऊन जातात, सिस्टर दिवसभर असतात, कोणत्या पेशंटला काय चालतं काय चालत नाही हे त्यांना पाठ. मग मावशी आणि मामा, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय, त्यांना नावाने हाक मारा आणि "अहो" म्हणा. स्ट्रेचर कुठे ठेवलाय, लिफ्ट चालू आहे का, पाण्याचा कुलर कधीपासून बंद आहे, सगळं त्यांना माहीत. फार्मसीची खिडकी, लॅब, एक्सरे, ड्रेसिंग रूम, कॅज्युअल्टी, लेबर रूम यांचा स्वतःच एक नकाशा कागदावर काढा, कुठली खिडकी कधी उघडते आणि जेवणाची सुट्टी कधी तेही लिहा. हाच कागद पुढे मोठ्या अक्षरात लिहून गेटजवळ लावता येतो, परवानगी घेऊन. आमच्याकडे तो लावल्यापासून "सोनोग्राफी खंय?" हा प्रश्न निम्म्याने तरी कमी झाला.

महिन्याची ९ तारीख डोक्यात ठेवा. २०१६ पासून त्या दिवशी गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानातली, त्यामुळे बाकांवर जागा नसते आणि सातव्या-आठव्या महिन्याच्या मुली भिंतीला टेकून उभ्या असतात. त्या दिवशी खुर्च्या, पाणी आणि टोकनचा क्रम एवढंच सांभाळलं तरी खूप. आणि सोनोग्राफीच्या दारात उभं राहून "काय असेल गो?" असलं चुकूनही बोलायचं नाही, गर्भलिंग तपासणीला बंदी करणारा १९९४ चा कायदा आहे, गंमत नाही.

कागद, कागद आणि एसटी

आता मुख्य काम. आपल्याकडे पेशंट लांबून येतो, सकाळची गाडी पकडून. केसपेपर काढतो, डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, रिपोर्ट दुपारी, तोवर डॉक्टर उठतात, परत उद्या या. आणि गावाला जाणारी शेवटची गाडी साडेचारची. म्हणून आमच्याकडे टेबलावर पहिली वस्तू काय तर एसटीचं वेळापत्रक, हाताने लिहिलेलं, डेपोतून दर सीझनला तपासून आणलेलं. माणूस आला की आधी विचारायचं, "गाडी कितीची?" मग लॅबमध्ये जाऊन विनंती करता येते की या बाईचा नमुना आधी घ्या, ती वरच्या वाडीतली आहे. लॅबवाले ऐकतात, रोज सगळ्यांसाठी विनंती केली नाही तर ऐकतात.

भाड्याचंही सांगत चला. ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे २०२२ पासून आणि बायकांना अर्धं तिकीट २०२३ च्या मार्चपासून, आता हे बहुतेकांना माहीत झालंय. पण कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ असतं आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत असते हे अजूनही लोकांना माहीत नाही, मुंबईला टाटाच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाणारी माणसं कोकणकन्या एक्सप्रेसचं पूर्ण तिकीट काढून जातात. त्यासाठी हॉस्पिटलचं ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, ते टाटातून निघताना आठवणीने घ्यायला सांगा.

मग योजना. मोफत उपचारांची सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजना, म्हणजे जुनी राजीव गांधी जीवनदायी, २०१२ च्या जुलैत पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला रायगड होता. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, तो आपल्या मंडळाचा नव्हे, योजनेचा माणूस आहे, पेशंटला त्याच्यापर्यंत नेऊन सोडायचं. पण त्याच्यापर्यंत जायच्या आधी कागद बघून ठेवले तर पेशंटची फेरी वाचते. आणि इथे कोकणातली खास भानगड आहे: आई गावात, रेशनकार्ड नालासोपाऱ्यात झिलाच्या, म्हणजे मुलाच्या, कपाटात, आधारवर पत्ता मुंबईचा, आणि नाव एका कागदावर माहेरचं तर दुसऱ्यावर सासरचं. लग्न होऊन पन्नास वर्षं झालेल्या बाईचं नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरं, योजनेचा अर्ज तिथेच लटकतो. झिलाला फोन लावायचा, कार्डाच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मागवायचा, आणि मूळ कार्ड येणाऱ्या पहिल्या गाववाल्याबरोबर पाठव म्हणून सांगायचं. नाव दुरुस्तीचं काम तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि आधार केंद्रावर, ते पेशंट बरा असताना करून ठेवायला सांगा, ऑपरेशन ठरल्यावर कोणाला सुचतं.

धर्मादाय हॉस्पिटलांचं पण माहीत असू द्या. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक. हे भांडून नाही मागायचं, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायचं. बऱ्याच वेळा नुसतं "४१ कक खाली अर्ज द्यायचा आहे" एवढं शांतपणे म्हटलं की समोरच्याचा सूर बदलतो.

लिहिता-वाचता न येणं हे वयस्कर बायकांचं मोठं दुखणं. एक आजी दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला यायची, पिशवीत तीन वेगवेगळी पाकिटं. एकदा माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाय, ह्येच्यार काय लिवलेला हा ता वाच मगे, माका सगळी सारखीच दिसतत." मी फार्मसीतल्या मुलाला विचारलं, त्याने स्केचपेनने एका पाकिटावर सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्र, तिसऱ्यावर दोन्ही. आजी खूश. आता आमच्या फार्मसीत स्केचपेन बांधूनच ठेवलंय. लक्षात घ्या, खुणा फार्मसीवाल्याने काढल्या, मी नाही. आपण गोळीच्या पाकिटाला पेन लावायचं नाही.

पाणी द्यायच्या आधी विचारा

वॉर्डातला एकच नियम पाळलात तर बाकीचे चुकले तरी चालतील: तोंडात जाणारी कुठलीही वस्तू सिस्टरला विचारल्याशिवाय द्यायची नाही. पाणीसुद्धा. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं ठेवतात, भूल दिल्यावर उलटी श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेततं. पेशंट हात जोडून घोटभर मागतो, आपलं मन विरघळतं, बाजूच्या खाटेवरचा नातेवाईक म्हणतो द्या हो बिचाऱ्याला. नाही द्यायचं. सिस्टरला जाऊन विचारायचं, त्या हो म्हणाल्या तरच, ओठ ओले करायला सांगितले तर तेवढेच.

आणि शहाळं. आपल्याकडे माणूस आजारी म्हटलं की शहाळं, त्याला पर्याय नाही. डायलिसिसच्या युनिटबाहेर एक दिवस पेशंटचे मेव्हणे आले, हातात तीन शहाळी, बागेतली, पहाटे पाडलेली, चेहऱ्यावर केवढं समाधान. आत त्यांचा भावोजी मशीनला लागलेला, चार तास, आठवड्यातून दोनदा-तीनदा. आता किडनी काम करत नाही तेव्हा शहाळ्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, शिवाय अशा पेशंटला दिवसाचं पाणीसुद्धा मोजून असतं. सिस्टर दारातूनच ओरडल्या "ते आत आणायचं नाही", आणि मेव्हण्यांचं तोंड एवढंसं झालं. अशा वेळी आपलं काम सुरू होतं. त्यांना बाजूला बसवलं, डॉक्टरांनी भिंतीवर लावलेला तक्ता दाखवला, त्यात शहाळं, केळं, टोमॅटो लाल रंगात. मग म्हटलं आता तुम्ही दमून आलाय, एक तुम्हीच प्या, दोन मावशींना द्या. मावशी काय खूश झाल्या. पुढल्या वेळी ते गृहस्थ भावोजींसाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंखा घेऊन आले, जो खरंच लागत होता.

म्हणून भेटीला येणाऱ्यांना आणायचं काय ते सांगायची सवय लावा. चादर, टॉवेल, मच्छरदाणी, लांब वायरचा चार्जर, पावसात सुके कपडे. उकड्या तांदळाची पेज चालते का ते सिस्टरला विचारून मगच. बाळंतिणीच्या वॉर्डात तर घरून काय काय येतं याची मोठी गंमत आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

सीझन बघून तयारी

कोकणात हॉस्पिटलचं वर्ष कॅलेंडरने चालत नाही, शेती-बागायतीने चालतं. आंब्याच्या दिवसात बागांवर नेपाळी राखणदार असतात, झाडावरून पडलेले कामगार येतात, त्यांना मराठी येत नाही आणि सोबत कोणी नसतं, हिंदी बरं बोलणारा एक जण मंडळात हवाच. मासेमारीच्या सीझनला बोटींवरचे खलाशी, त्यातले कितीतरी बाहेरच्या राज्यातले, हातात गळ घुसलेला, बोट दोरीत सापडलेलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा ती गर्दी ओसरते आणि भातलावणीची सुरू होते.

लावणी म्हणजे लेप्टो, लेप्टोस्पायरोसिसचा ताप. चिखलात, साचलेल्या पाण्यात उघड्या पायाने उभं राहायचं, उंदरांच्या मुतातून जंतू पाण्यात, पायाला भेगा असल्या की शरीरात. ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल. माणसं म्हणतात लावणीने अंग दुखतंय आणि दोन गोळ्या घेऊन परत शेतात. आरोग्य खातं भातशेतीवाल्यांना डॉक्सीसायक्लिन देतं, आठवड्यातून एकदा, ती घेतली का एवढं आपण विचारू शकतो आणि ताप असेल तर ओढून ओपीडीत आणू शकतो. हिवाळ्यानंतर दोडामार्ग-बांदा भागात माकडताप, २०१६ पासून तिथे आहे, गोचिडीतून होतो. त्या भागातला माणूस ताप घेऊन आला आणि काजूच्या बागेत जातो म्हणाला तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा, मेलेलं माकड दिसलं असेल तर तेही.

साप. फुरसं, घोणस, मण्यार, नाग, आणि आपल्या रत्नागिरी बाजूला फुरशांचा सुकाळ. आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका, साप मारून पिशवीत आणू नका, १०८ ला फोन आणि चावल्याची वेळ लिहा. हे गावात सांगायचं. हॉस्पिटलातलं काम वेगळं. डॉक्टर काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेतात आणि वीस मिनिटं हलवत नाहीत, रक्त गोठतं का बघायला. घोणस-फुरशाच्या विषाने ते गोठत नाही. नातेवाइकांना दिसतं काय, तर डॉक्टर नळी टेबलावर ठेवून शांत बसलेत आणि इथे आपला माणूस मरतोय. आरडाओरडा सुरू, कधीकधी काचा फुटेपर्यंत. त्या वीस मिनिटांत कोणीतरी त्यांच्याशेजारी उभं राहून, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, आपल्या भाषेत सांगायला लागतं. आमच्यातले एक रिटायर्ड मास्तर यात पटाईत आहेत, घड्याळ काढून हातावर ठेवतात आणि म्हणतात चला, माझ्याबरोबर मोजा. विंचवाचंही तसंच, लाल विंचू म्हणजे इंगळी, लहान मुलांना एके काळी त्याने मृत्यूच यायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना त्यावर अभ्यास सुरू केला आणि प्राझोसिन या ब्लडप्रेशरच्या साध्या गोळीने मुलं वाचायला लागली, जगभर ते मान्य झालं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. आपल्या कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून हे निघालं, मुद्दाम सांगते.

रेफर म्हटलं की

"पुढे न्या" हे दोन शब्द ऐकले की घरच्यांच्या पायातलं बळ जातं. सिंधुदुर्गातून पुढे म्हणजे गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, नाहीतर घाट चढून कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल सीपीआर, नाहीतर मुंबई. आपण तीन गोष्टी बघायच्या. रेफरची चिठ्ठी आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत, एक्सरे वळकटी न करता. सोबत जाणाऱ्याचा फोन चार्ज आणि खिशात सुटे पैसे. आणि तिसरं, तिथे पैसे लागणार का. गोव्यात २०१८ पासून बाहेरच्या राज्याच्या पेशंटला चार्ज सुरू झाले, त्यावर सिंधुदुर्गात आंदोलनं झाली, मग योजनेतून सोय करायचं ठरलं, म्हणून कागद घेतल्याशिवाय बांबोळीला निघू देऊ नका आणि निघायच्या आधी तिथल्या योजनेच्या कक्षात फोन करून खात्री करा. पावसात करूळ, फोंडा, आंबोली यातला कुठला घाट चालू आहे तेही ड्रायव्हरबरोबर बोलून घ्या. मुंबईला जाणाऱ्यांना राहायची सोय लागते, परळला नाना पालकर स्मृती समितीसारख्या जागा आहेत, पण तिथे यादी असते, आधी चौकशी.

रक्ताचं पण इथेच सांगते. रक्तदाता १८ ते ६५ वयाचा, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, पुरुषाने तीन महिन्यांनी आणि बाईने चार महिन्यांनी द्यायचं. शिबिरं सगळी राष्ट्रपुरुषांच्या जयंतीला आणि नेत्यांच्या वाढदिवसाला, एका दिवशी ढीगभर बाटल्या, आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, तेव्हा खडखडाट. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात. म्हणून मंडळाने शिबिर घेण्यापेक्षा फोन केल्यावर येणाऱ्या माणसांची वही ठेवावी, गट आणि शेवटचं कधी दिलं त्याची तारीख टाकून. पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद आहे, असला कोणी एजंट गेटजवळ घुटमळताना दिसला तर सरळ अधीक्षकांना सांगा.

पैसे आणि वस्तू

रोख पैसा हातात घेऊ नका. कोणी दिलेच तर पावती, पावतीपुस्तक नसेल तर नकोच. मुंबईतली ग्रामस्थ मंडळं देणगी द्यायला तयार असतात पण त्यांना नावाची पाटी लागेल असं काहीतरी हवं असतं, म्हणजे वॉटर कुलर. आमच्याकडे तीन कुलर आहेत आणि दुरुस्त करायला पैसे नाहीत. त्यांना सांगा वॉकर द्या, कमोडची खुर्ची द्या, एअरबेड द्या. कंबरेचं हाड मोडलेली म्हातारी घरी जाते तेव्हा तीन महिने या वस्तू लागतात आणि मग माळ्यावर पडतात, म्हणून डिपॉझिट घेऊन वापरायला द्यायच्या, परत आल्या की धुवून दुसऱ्याला. वहीत नाव, गाव, फोन आणि वस्तूवर रंगाने नंबर. परत आलेला वॉकर मावशींनी डेटॉलने पुसल्याशिवाय कपाटात जात नाही.

माणूस गेला तर

याचं कोणी शिकवत नाही म्हणून लिहिते. पहिल्यांदा गप्प राहायचं, "देवाची इच्छा" वगैरे नको. घरच्यांपैकी डोकं शांत असलेला एक जण शोधायचा, बहुतेक वेळा तो जावई असतो, आणि त्याच्याबरोबर कागद करायचे. अपघात, विष, साप, भाजणं असेल तर पोलीस पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होणारच, त्यासाठी डॉक्टरांशी वाद घालून उपयोग नाही, वेळ लागतो हे आधीच सांगून ठेवायचं म्हणजे गावात सरणाची तयारी करून लोक ताटकळत नाहीत. मृत्यूची नोंद जिथे माणूस गेला तिथेच होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही, आणि २१ दिवसांत. ओरोसला गेला तर दाखला तिकडचा. हे माहीत नसल्याने लोक ग्रामसेवकाकडे हेलपाटे घालत बसतात.

आणि पेशंटचं काहीही बाहेर बोलायचं नाही. गाव छोटं, नाक्यावर चहा घेताना "काय गो, त्या अमक्याच्या सुनेला काय झालंय?" असं विचारणारा भेटतोच. मला माहीत नाही, एवढंच उत्तर. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, पण कायदा नसता तरी.

सुरुवात कधी करावी. सोमवारी नको, रविवारची तुंबलेली सगळी गर्दी असते. आठवडा बाजाराच्या दिवशी पण नको, त्या दिवशी लोक बाजार नि डॉक्टर एकाच फेरीत उरकायला येतात, ओपीडीत सुक्या मासळीच्या पिशव्या आणि कोंबड्यांसकट. बुधवार-गुरुवार बघा, सकाळी साडेआठला या, डबा आणा कारण कॅन्टीनचा भरवसा नाही, आणि मधल्या टेबलावरची निळी वही आधी वाचा, आदल्या दिवशीच्या माणसाने कोणाचं काय अडकलंय ते त्यात लिहिलेलं असतं. बाजाराचा दिवस दुसऱ्या महिन्यात देतो तुम्हाला.